सासरे, जावई आणि सर रॉजर

गेल्या रविवारची गोष्ट. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

सासरे साताऱ्याहून इंग्लंडात, स्लाऊला आमच्याकडे आलेत. ही मुलांना पोहायला घेऊन गेली होती, अण्णा वामकुक्षीला. मी हळूच 'कॅरी ऑन हेन्री' लावला. १९७१चा इंग्रजी पिक्चर. आपला 'सोंगाड्या'ही त्याच सालचा, आणि गोत्रही तेच. बारा वर्षं या देशात काढली, पण ऑफिसात कुणी चावट बोललं की मी अजून अर्धा सेकंद उशिरा हसतो. म्हणून असले पिक्चर बघतो. अभ्यास म्हणून. खरंच.

अण्णा लवकर उठले. पडद्यावर झगे, दाढ्या, आठवा हेन्री. तेहतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवलेला माणूस, बसलाच. "पहिल्यापासून लावा, जावईबापू."

सुरुवातीला पाटी येते : विल्यम कॉब्लर नावाच्या इसमाचं हस्तलिखित सापडलंय आणि त्यावरून राजाला आणखी दोन बायका होत्या असं दिसतं. अण्णांनी डायरी काढली.

"अस्सल की नक्कल?"

आता 'कॉब्लर्स' म्हणजे इकडच्या बोलीत भंकस, आणि मुळाशी गेलं तर पुरुषाचा एक नाजूक भाग. "नक्कल असावी," मी म्हटलं.

"असावी म्हणजे? कागद तपासला नाही कुणी? आपल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारखं काही असेल ना इथं?"

पुढे राजाची नवी राणी. तिला लसणाशिवाय करमत नाही आणि त्या वासाने राजा पलंगाजवळ फिरकत नाही. पिक्चरचं सगळं दुखणं ते. अण्णा पडद्याकडेच बघत म्हणाले, "आमच्या चटणीची बरणी तुमच्याकडे अजून का भरलेली आहे, ते आज कळलं."

मी गप्प.

मग तो काडीपैलवान, चष्मेवाला सरदार आला, राणीचा लाडका.

"याचं नाव काय म्हणाले?"

"सर रॉजर डी लॉजर्ली."

"लॉजर्ली कुठं आलं?"

"गाव नाही अण्णा, विनोद आहे."

"बरं, रॉजर म्हणजे?"

"विमानवाले म्हणतात ना, रॉजर. म्हणजे ऐकलं."

"हेन्रीच्या काळात विमान?"

'रॉजर करणं' म्हणजे इकडच्या बोलीत बाईबरोबरचं पलंगावरचं काम. बारा वर्षांत एक विनोद मला वेळेवर कळला होता आणि तो मराठीत, सासऱ्यांना, जीव मुठीत धरून सांगायचा होता. "म्हणजे... राणीची सेवा करणारा."

"कसली सेवा?"

"खासगी."

अण्णांचा चेहरा उजळला. "खासगीवाले! पेशव्यांकडे होते तसे." आणि ते लिहूनही घेतलं.

पुढे राजाला कधी राणी नको असते, कधी हवी असते. त्याप्रमाणे सर रॉजरचा छळ करून त्याच्याकडून कबुली घेतात, मग पुन्हा छळ करून ती मागे घ्यायला लावतात. अण्णांना त्यात काही वावगं दिसलं नाही. झोंबाझोंबी झाली, चोळ्या घसरल्या, ते शांत. पण पार्लमेंट उडवायच्या कटातला तो गाय फॉक्स आला आणि ते ताडकन उठले.

"हेन्री मेला १५४७ला! दारूगोळ्याचा कट १६०५चा! असले घाणेरडे पिक्चर बघता तुम्ही?"

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सगळ्या साताऱ्याला कळलं, की इंग्लंडात बारा वर्षं राहून जावयांना गाय फॉक्सची तारीख माहीत नाही. मला! दर ५ नोव्हेंबरला त्याच्या नावाने शेजारी मध्यरात्रीपर्यंत फटाके फोडतात, कपाटाखाली घुसलेलं मांजर बाहेर काढतो मी, दुसऱ्या दिवशी आठच्या मीटिंगला डोळे चोळत बसतो मी. पण तारीख यांना पाठ!

त्याच कॉलवर अण्णांनी खासगीवाले रॉजरही सांगून टाकले. हिने फोन ठेवला आणि मला किचनमध्ये बोलावलं.

"काय सांगितलंस तू अण्णांना?"

मी सगळं कबूल केलं.

"जा, चुकून सांगितलं म्हणावं."

गेलो. "अण्णा, तो रॉजरचा अर्थ माझा चुकला."

अण्णांनी डायरी उघडली, पेनाचं टोपण काढलं. "मग खरा कोणता?"

मी पुन्हा किचनमध्ये.