स्टार्टरच्या बुशला करडईचं तेल? फोडणी द्यायचीय का गाडीला!

रविवारी सकाळी मामांचा फोन. दारात जुनी ॲम्बॅसॅडर, मामींपेक्षा जास्त जीव त्या गाडीत. "स्टार्टर मारला की म्हातारी म्हैस उठल्यागत करतोय रे, कधी नुसताच घरघरतोय, इंजिन हलतच नाही." नवीन काय केलं विचारलं तर जरा थांबून म्हणाले, ग्रुपवर आलं होतं ते केलं.

तो मेसेज तुमच्याकडं पण आला असेल. "जुन्या गाडीचे ब्राँझ बुश आयुष्यभर टिकवा, मेकॅनिक हे कधीच सांगणार नाही." बुश (फिरता दांडा म्हणजे शाफ्ट ज्यात बसतो ती नळी) पेट्रोलमध्ये धुवा, घाण्याचं करडई तेल चोळा, स्टार्टरच्या पिनियनला (पुढं सरकून इंजिन फिरवणारं छोटं दातेरी चाक) ग्रीस भरा, बाकी सगळ्या हलत्या पार्टवर महिन्याला डब्ल्यूडी-४० स्प्रे मारा, आणि पावसाळ्याआधी खालून जळकं ऑईल डिझेलमध्ये कालवून फवारा. खाली हात जोडलेले चार इमोजी.

आधी पेट्रोलचं बोलू, कारण खरं नुकसान तिथंच आहे. स्टार्टरमधला बुश म्हणजे भरीव पितळेची नळी नव्हे. तांबं आणि कथिल यांची पावडर दाबून, भट्टीत भाजून तो बनवतात, आत स्पंजासारखी बारीक भोकं राहतात आणि त्यात तेल मुरवलेलं असतं, साधारण पाचव्या हिश्श्याइतकी जागा तेलाची. शाफ्ट फिरला, बुश तापला की तेल बाहेर येतं, गार झाला की परत आत ओढलं जातं. म्हणजे तेलाची टाकी बुशच्या अंगातच आहे, आणि तुम्ही ती पेट्रोलनं धुऊन रिकामी करताय, वर म्हणताय स्वच्छ झाला!

त्या काळातल्या मॉरिस, ऑस्टिनच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये हे सरळ लिहिलंय, आणि आपली ॲम्बॅसॅडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचीच लेक. नवीन बुश बसवायच्या आधी पातळ, स्वच्छ इंजिन ऑईलमध्ये पूर्ण बुडवून २४ तास ठेवा, फारच घाई असेल तर १०० अंशाला तापवलेल्या तेलात २ तास ठेवून त्यातच गार होऊ द्या. बसवल्यावर रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) पण फिरवायचा नाही, भोकं बुजतात. खात्री करायचीय? बुशमध्ये तेल भरा, दोन्ही तोंडं अंगठ्यानं आणि बोटानं दाबून धरा आणि जोर लावा, बाहेरच्या अंगावर घामासारखे थेंब फुटतात. पाचवीतलं पोरगं करेल हे.

आता करडई. आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं पीक, भाकरीवर चटणीत ओतून खाल्लं तर त्याच्यासारखं तेल नाही, मान्य. पण हे तेल हवा लागली की हळूहळू घट्ट होतं, चिकटतं, म्हणून तर ते रंग बनवायला वापरतात! कढईच्या कडेला जमलेला पिवळा चिकट थर बघितलाय ना, नखानं खरवडावा लागतो तो? मामांचा स्टार्टर उघडला तर शाफ्टवर तसलाच थर होता. बुश एवढा झिजलेला की आर्मेचर (मोटरचा फिरता गाभा) खाली बसून फिल्डला (भोवतीच्या स्थिर भागाला) घासत होतं. आता खरं सांगायचं तर तो बुश आधीच म्हातारा असणार, दोन महिन्यांत तेलानं एवढं होत नाही, पण जे उरलं होतं त्याची पण वाट लावली. "वनस्पती तेल मशीनला चालतंच नाही" असं मी म्हणत नाही, कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टर म्हणजे एरंडेलावरून आलंय आणि जुन्या रेसच्या गाड्या त्यावर पळायच्या. पण ते एरंडेल होतं आणि त्या गाड्यांची इंजिनं सारखी खोलायचे लोक.

पिनियनला ग्रीस हा दुसरा बावळटपणा. क्लचची आणि रस्त्याची धूळ त्या ग्रीसवर बसते, काळी पेस्ट होते, पिनियन पुढं सरकतच नाही, मोटर नुसती घुंई करते. मामांची "घरघर" ती हीच. मॅन्युअल म्हणतं केरोसिननं धुवा.

डब्ल्यूडी-४० गंजका नट सोडवायला झकास, पण नावातच वॉटर डिस्प्लेसमेंट आहे, १९५३ साली पाणी हटवायला बनवलेली वस्तू, बुशचं कायमचं वंगण नाही. आणि डिझेल-जळकं ऑईल रबर बुशवर मारलं की रबर फुगून मऊ पडतं, संपला विषय.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याची अर्धी खरी, बुशला वरून तेल लागतं ही, नाइलाजानं मानतो. सगळेच बुश असे तेल पिणारे नसतात. माझे वडील अक्कलकोट रोडला कापडाच्या मागावर होते, तिथले गनमेटलचे बुश भरीव, दर पाळीला तेलकुपीनं थेंब दिला नाही तर जॉबर (मागांवरचा मुकादम) शिव्या घालायचा. गाडीत पण जुन्या डायनॅमोच्या (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) मागच्या टोकाला तेलाचं भोक असतं, तिथं इंजिन ऑईलचे दोन-तीन थेंब अधूनमधून द्यायचेच. दोन-तीन म्हणजे दोन-तीन, जास्त झालं की ब्रश आणि कम्युटेटर (आतले वीज वाहून नेणारे भाग) तेलकट होतात. आणि जिथं ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) आहे तिथं ग्रीस गनच.

मामांचे नवीन बुश सध्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात तेलात बुडालेत, उद्या संध्याकाळी बसवू. मामींनी डब्यावर खडूनं "खाऊ नये" लिहिलंय, आणि मामांनी ग्रुपवर अजून तो मेसेज डिलीट केलेला नाही.