सोडा हो, सोडा!

रबरी रिंग नऊ रुपयांची. तिला चीर गेली आणि एका रात्रीत सिलिंडरमधला पाच किलो गॅस माझ्या स्वयंपाकघरातून धुळ्यातल्या देवपूरच्या हवेत गेला. हे मंगळवारचं. आज शनिवार आहे, आणि आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मी घरी जिंजर बीअर करतो. नावात बीअर आहे, पोटात नाही. खरी करायची म्हटली तर 1949 चा मद्यनिषेध कायदा आडवा येतो, आणि कायद्याच्याही आधी अण्णा आडवे येतात. तर अद्रक, गूळ, लिंबू उकळायचं, गाळायचं, गार करायचं, केगमध्ये भरायचं आणि वरून कार्बन डायऑक्साइडचा दाब द्यायचा. केग म्हणजे 19 लिटरची उभी स्टीलची टाकी. बायको तिला ‘ते पिंप’ म्हणते. तिचे पाहुणे आले की पिंपावर टॉवेल पडतो.

आधी मी यीस्ट घालून बाटल्यांतच करायचो. एका मे महिन्यात माळ्यावरच्या अकरा बाटल्या रात्री दोन वाजता ओळीने फुटल्या. समोरचे लोक वरात बघायला गच्चीवर आले. तेव्हापासून केग.

हे केग मूळचे अमेरिकेतल्या कोक-पेप्सीवाल्यांचे, दुकानांना पाक पोचवायचे. त्यांनी ते टाकून दिले आणि घरी बीअर करणाऱ्यांनी उचलले. पण कोकवाल्यांच्या केगचं तोंड पिनचं, पेप्सीवाल्यांचं बॉलचं, आणि एकाचा जोड दुसऱ्याला लागत नाही. माझा केग बॉलचा. पहिल्यांदा मी मागवले ते जोड पिनचे. परत पाठवायचा कुरिअरखर्च जोडांपेक्षा जास्त, म्हणून ते अजून देव्हाऱ्याखालच्या खणात आहेत. आग्रा रोडवर रबरी रिंग मागितली की दुकानदार विचारतो, “कुकर कोणत्या कंपनीचा?” चार दुकानं झाल्यावर पाचव्याने ठिबकची रिंग काढून दिली. खान्देशात ठिबकचं सामान पानटपरीवरही मिळेल. ती बसली. म्हणजे, बसली असं मला वाटलं.

साबणाचं पाणी लावून बघायचं असतं, बुडबुडे आले की गळती. मी बघितलं नाही. गॅसचा दाब दाखवणारा काटा बघितला, तो जागेवर होता. त्या काट्याएवढा खोटारडा प्राणी नाही. सिलिंडरमध्ये गॅस द्रव होऊन बसलेला असतो, आणि त्यातला शेवटचा थेंब उरेपर्यंत काटा ढिम्म हलत नाही. मग एकदम पडतो. किती उरलाय ते कळायला सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावा लागतो. काट्याचं हे ढिम्म राहणंही थंडीतलंच. 31 अंशांच्या वर तो द्रव राहतच नाही, आणि आमच्याकडे एप्रिलात 31 अंश सकाळीच होऊन जातात.

असो. अवधान एमआयडीसीत वेल्डिंगवाल्यांना गॅस देणारा एक जण आहे, त्याच्याकडून सिलिंडर भरून घेतला. भरल्यावर लोखंड धरून पंधरा-वीस किलोचा. स्कूटरच्या मागच्या सीटवर बायकोच्या जुन्या ओढणीने बांधला आणि पांझरेच्या पुलापाशी अडकलो. पुढे उसाची ट्रॉली, मागे बस, शेजारी सहा सीटं भरलेली रिक्षा. रिक्षाच्या कडेला पांढरी टोपी, धोतर, मांडीवर पिशवी घेतलेला एक म्हातारा. त्याने सिलिंडर बघितला. मग मला बघितलं.

“काय व्हयनं रे भो? कोन से दवाखानामा?”

मी म्हटलं, कोणी नाही बाबा.

“घरमाच से का मंग?” म्हातारा हळहळला. रिक्षातल्या बाकीच्या पाचांनी माना बाहेर काढल्या. मी खुलासा करायला तोंड उघडलं तेवढ्यात तो म्हणाला, “मन्हा भाऊले नही भेटना व्हता. तीन दिन फिरनूत.”

2021 चा, करोनातला एप्रिल. पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. त्या महिन्यात असा सिलिंडर गाडीवर दिसला की माणसं आपोआप वाट द्यायची. आता यावर ‘बाबा, हे अद्रकाच्या सरबतासाठी आहे’ असं कोण म्हणेल? तुम्ही म्हणून दाखवा.

मी गप्प बसलो. तीच चूक. म्हातारा रिक्षातून उतरला, पिशवी माझ्या हँडलला अडकवली, ओढणी सोडली, सिलिंडर मांडीवर घेतला आणि माझ्या मागे बसला. “तू गाडी चालव. मी धरस.” आणि असा काही ओरडला की पुलावरच्या म्हशीसुद्धा बाजूला झाल्या. “सरका रे! ऑक्सिजन से! सरका!”

ट्रॉली सरकली. बस मागे गेली, जी बस मंत्र्यासाठीही गेली नसती. एका पोराने मोटारसायकल पुढे घातली आणि हॉर्नवर अंगठा ठेवला तो काढलाच नाही. सिलिंडरचा नळ माझ्या पाठीच्या मणक्यात रुतलेला. मी मान वळवून ओरडत होतो, “बाबा, सोडा आहे! सोडा!”

“सोडू कसा? पडी जाई ना!”

“अहो, सोडा! सोडा!”

“मी नही सोडस!” म्हणत त्याने आणखी घट्ट धरला.

सोड्याच्या जन्माची गोष्ट मला पाठ आहे. 1767 मध्ये इंग्लंडातल्या लीड्स गावी जोसेफ प्रिस्टली नावाच्या माणसाने बीअरच्या पिंपावर पाण्याचं भांडं टांगलं आणि पाण्याला फेस आला. म्हणजे सोडा आणि बीअर सख्खी भावंडं. घरी कोणीही आलं की मी ही गोष्ट ऐकवतो. त्या दिवशी एका ओळीत खुलासा करायची वेळ आली, तर ‘सोडा’ हा एकच शब्द सुचला, आणि आपल्या भाषेत त्याचा अर्थ हा असा.

मोटारसायकलवाल्याने आम्हाला थेट एका दवाखान्याच्या फाटकात नेऊन उभं केलं. वॉचमनने स्ट्रेचरला हाक मारली. मग सिलिंडरवरची चिठ्ठी वाचली, आणि पुन्हा वाचली. “काका, हा ऑक्सिजन नाही. आग विझवायच्या नळकांड्यात असतो तो गॅस आहे.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे.

“मंग कोनले माराले चालना तू?”

मी सगळं सांगितलं. केग, रिंग, अद्रक, सगळं. ‘बीअर’ हा शब्द गाळला, तरी ‘पिंप’ म्हटल्यावर वॉचमनचे डोळे बारीक झालेच. म्हातारा शांतपणे ऐकत होता.

“घरमा लगीन से का?”

“नाही.”

“वीस रुपयामा गोटी सोडा भेटस.”

“हो.”

“मंग?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाइप, रेग्युलेटर, केग, दोन वेळचे जोड मिळून माझे किती गेलेत तो आकडा मी बायकोलाही सांगितलेला नाही, याला काय सांगू? शिवाय त्याने रिक्षाचं भाडं आधीच दिलेलं, ते बुडालं, म्हणून मीच त्याला स्टँडवर सोडलं. सिलिंडर मांडीवर घेऊनच बसला. तोंडाने एक शब्द काढला नाही. उतरताना पिशवी घेतली, नळावरून एकदा हात फिरवला आणि निघून गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आलो. नवी रिंग बसवली, या वेळी साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. थंड पेयात गॅस चांगला मुरतो म्हणून केग फ्रिजमध्ये, फ्रिजमधली भाजी अण्णांच्या कॉटखाली. सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच साक्री रोडची मावशी दारात. तिच्या भाच्याने मला दवाखान्याच्या फाटकात सिलिंडरसकट बघितलं होतं. हातात डझनभर केळी, डोळ्याला पदर.

अण्णा कॉटवर पेपर वाचत होते. मावशीने त्यांना नीट निरखलं. तिची किंचित निराशा झाली, असं मी म्हणणार नाही, पण पदर खाली यायला वेळ लागला. केळी अण्णांच्या हातात देऊन तिने काय झालं ते विचारलं. मी तिला ग्लास भरून दिला. गॅस अजून मुरला नव्हता, त्यामुळे पाऊण ग्लास नुसता फेस. तिने ओठ लावला, मिशीवरचा फेस पुसला आणि म्हणाली, “याच्यासाठी?”

जाताना केळी परत घेऊन गेली. दहाच. दोन तोवर अण्णांनी खाल्ली होती.