महाराष्ट्र खेळात देशात पहिला? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

एक मेसेज बरेच दिवस ग्रुपांवर फिरतोय. आशय थोडक्यात असा: खेळात देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्रच. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत आपण पहिले, खेलो इंडियात पहिले. देशाला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक दिलं ते आपल्या खाशाबांनी. रणजी करंडक मुंबईने ४२ वेळा जिंकला. हरियाणाचा उगाच गाजावाजा, त्यांच्याकडे कुस्ती आणि बॉक्सिंगपलीकडे आहे काय? आणि तीही पदकं सरकारी पैशाच्या जोरावर. शेवटी 'जय महाराष्ट्र' आणि पुढे पाठवण्याचा आग्रह.

यातले बहुतेक आकडे खरे आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. हा मेसेज वाचून आपण समाधानाने गप्प बसलो तर त्याचा तोटा इथल्याच खेळाडूंना आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्र पहिला.' गोव्यात २०२३ मध्ये झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राने ८० सुवर्णांसह २२८ पदकं जिंकली आणि पहिला क्रमांक पटकावला. हे निर्विवाद. त्याच स्पर्धेत हरियाणाची ६२ सुवर्णं आणि एकूण १९२ पदकं होती. आता लोकसंख्या बघा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख, हरियाणा २ कोटी ५३ लाख. म्हणजे दर कोटी माणसांमागे आपली ७ सुवर्णं आणि त्यांची २४. मेसेजने स्वतः निवडलेल्या मैदानावरही हरियाणा तिपटीने पुढे आहे.

२०२५ च्या उत्तराखंडच्या स्पर्धेबद्दल मेसेज 'सर्वाधिक २०१ पदकं' एवढंच सांगतो. ती मिळाली हे खरं, पण सुवर्णपदकं ५४ होती आणि क्रम सुवर्णांवर लागतो. ६८ सुवर्णांसह पहिलं आलं सेनादल, म्हणजे सैन्यदलांचा संघ. आपण दुसरे.

इथे महाराष्ट्राच्या बाजूची एक गोष्टही सांगायला हवी, कारण मेसेज लिहिणाऱ्याला ती सुचलेली नाही. सेनादलाच्या संघातून खेळणारी मराठी मुलं थोडीथोडकी नाहीत. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, पण त्याला धावपटू केलं ते लष्कराने. त्यामुळे राज्यवार तक्ता आपल्याला कधी जास्त मोजतो, कधी कमी. कोणत्या राज्याने खेळाडू घडवला हे त्या तक्त्यावरून कळत नाही.

शिवाय या तक्त्यात मल्लखांब आणि खो-खो यांचीही सुवर्णं असतात. ती मला कमी मोलाची वाटत नाहीत. बाळंभटदादा देवधरांपासून चालत आलेली मल्लखांबाची परंपरा आपण जपली, त्यात आपण पुढे असणारच. पण देशातल्या कित्येक राज्यांत मल्लखांब अजून फारसा रुजलेला नाही, तेव्हा त्यातल्या सुवर्णांवरून 'संपूर्ण क्रीडाक्षेत्रात पहिले' असं म्हणता येत नाही.

खेलो इंडिया युवा स्पर्धेचा मुद्दा जास्त गंभीर आहे. पुणे २०१९, गुवाहाटी २०२०, पुढे मध्य प्रदेश, तमिळनाडू आणि २०२५ ला बिहार अशी विजेतेपदं आपण मिळवली. बिहारमध्ये ५८ सुवर्णांसह १५८ पदकं. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींमध्ये आपण खरोखर अव्वल आहोत. मग ही मुलं बाविसाव्या वर्षी कुठे असतात? पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताला सहा पदकं मिळाली. त्यांपैकी पाच पदकांत हरियाणाच्या खेळाडूचा हात होता: नीरज चोप्रा, अमन सेहरावत, मनू भाकरची दोन (त्यातलं एक अंबाल्याच्या सरबजोत सिंगच्या जोडीने) आणि हॉकी संघात तिघे. उरलेलं एक आपल्या नेमबाज स्वप्नील कुसाळेचं. शालेय वयात पहिलं असणारं राज्य मोठ्यांच्या मैदानात इतकं मागे पडतं, याचा अर्थ मधल्या पाच-सात वर्षांत काहीतरी गळतंय. दहावी-बारावीच्या क्लासमध्ये, नोकरीच्या चिंतेत, जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षक नसल्यामुळे. ज्या तक्त्याने आपल्याला काळजी वाटायला हवी, तो आपण मिरवतो आहोत.

'पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक महाराष्ट्राने दिलं.' हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९४८ ला लंडनमध्ये तो सहावा आला होता, मॅटची सवय नसताना. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि मग खाशाबांनी स्वतः कुस्त्यांची मैदानं भरवून ते कर्ज फेडलं. पुढे पोलीस खात्यात नोकरी, १९८४ मध्ये अपघाती मृत्यू. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

हे पदक दिलं ते खाशाबांनी, एका प्राचार्याने आणि सातारा-कोल्हापूरच्या साध्या लोकांनी. 'महाराष्ट्राने दिलं' म्हणताना राज्ययंत्रणेच्या खात्यावर ते जमा करायचं, हे मला पटत नाही. आणि ते जमा केलंच, तर राज्याच्या पुढच्या वैयक्तिक पदकाला ७२ वर्षं का लागली याचा हिशोबही त्याच खात्यात मांडायला हवा.

कुस्तीपुरता हा हिशोब मांडता येतो. खाशाबांचा गट होता ५७ किलो. भारताच्या पुरुष पैलवानांची त्यानंतरची ऑलिम्पिक पदकं बघा: सुशीलकुमार ६६ किलोत दोनदा, योगेश्वर दत्त ६०, बजरंग पुनिया ६५, रवी दहिया ५७, अमन सेहरावत ५७. सगळी हलक्या गटांतली. आणि आपल्याकडे कुस्तीतला सगळ्यात मोठा मान कोणाला? १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरीच्या गदेला. ती खेळली जाते ८६ ते १२५ किलोच्या गटात. त्याच स्पर्धेत ५७ आणि ६१ किलोच्या कुस्त्याही होतात, पण त्या विजेत्यांची नावं दुसऱ्या दिवशी पेपरात शोधावी लागतात. गदा, चारचाकी, फोटो, सत्कार सगळं शेवटच्या एका कुस्तीला. जत्रेतल्या मैदानातही तेच. नंबरची कुस्ती म्हणजे वजनदार गड्यांची, इनाम तिथे. तालमीतला हलक्या अंगाचा, चपळ पोरगा हे बघत वाढतो. त्याला खुराक कसा वाढवायचा हे सांगणारे भेटतात. तू याच वजनात राहा, ऑलिम्पिकचं पदक याच वजनात आहे, असं सांगणारे फार कमी. खाशाबांच्या अंगाचा मुलगा आज कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत आला तर त्याच्यावर वजन वाढवायचाच दबाव येईल.

अशी मुलं आपल्याकडे नाहीत असंही नाही. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोतच सुवर्ण मिळवलं, पुढच्या वर्षी ६१ किलोत जागतिक कांस्य. राज्याने त्याला पोलीस उपअधीक्षक केलं, ते योग्यच झालं. पण हे पदक मिळाल्यानंतरचं. त्याच्यामागून दहाजण यावेत अशी वाट आपण बांधली नाही.

'मुंबईचे ४२ रणजी करंडक.' क्रिकेटचं श्रेय मुंबईकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. १९५८-५९ पासून सलग पंधरा विजेतेपदं, ही भारतीय क्रिकेटमधली अजोड कामगिरी आहे. पण ती मुंबईची. राज्यात क्रिकेटच्या तीन स्वतंत्र संघटना आहेत. 'महाराष्ट्र' नावाच्या संघाने रणजी जिंकली ती १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, त्यानंतर नाही. विदर्भाने मात्र २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा जिंकली.

मुंबई का जिंकत आली याचं उत्तर मेसेजमध्ये नाही आणि महत्त्वाचं तेच आहे. शाळेसाठी गाइल्स आणि हॅरिस शील्ड, भर पावसात ओल्या खेळपट्टीवर कांगा लीग, मग क्लब, ऑफिसचे संघ, मग रणजी. बारा वर्षांच्या मुलापासून तिशीतल्या बँक कर्मचाऱ्यापर्यंत प्रत्येकाला पुढची पायरी डोळ्यांसमोर दिसते. ही रचना राज्यात दुसऱ्या कोणत्या खेळाला मिळाली? नेमबाजीला थोडीफार, बुद्धिबळाला बऱ्यापैकी. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला, त्याआधी खाडिलकर भगिनींनी आणि भाग्यश्री ठिपसे यांनी वर्षानुवर्षं राष्ट्रीय विजेतेपद राखलं. धावपटूंना, जलतरणपटूंना, बॉक्सरना ती मिळालेली नाही.

'हरियाणाकडे कुस्ती-बॉक्सिंगपलीकडे काय?' याला फार शब्द लागत नाहीत. भालाफेकीत पानिपतजवळच्या खंडऱ्याचा नीरज आणि पॅरालिम्पिकमध्ये सलग दोन सुवर्णं जिंकणारा सोनिपतचा सुमित अंतिल. नेमबाजीत झज्जरची मनू. टोकियोत चौथ्या आलेल्या महिला हॉकी संघातल्या सोळापैकी नऊजणी हरियाणाच्या, कर्णधार राणी रामपाल शाहाबादची. क्रिकेट म्हणाल तर १९९१ चा रणजी अंतिम सामना आठवा. वानखेडेवर मुंबईला ३५५ धावा हव्या होत्या, सचिनने ९६ केल्या, दिलीप वेंगसरकर १३९ वर नाबाद उभे राहिले, शेवटचा गडी धावबाद झाला आणि कपिलदेवचा हरियाणा दोन धावांनी जिंकला. वेंगसरकर मैदानातच रडले. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा अंतिम सामन्यात सामनावीर ठरली रोहतकची शफाली वर्मा.

याचा अर्थ हरियाणा निर्विवाद पहिला असाही नाही, आणि हे हरियाणावाल्यांच्या मेसेजनाही सांगायला हवं. सायना नेहवाल जन्मली हिसारला, घडली हैदराबादला, पदक कोणाचं? अमन वाढला दिल्लीच्या छत्रसाल आखाड्यात. आणि दर माणशी हिशोब करायचाच तर मणिपूर बघा. २८ लाखांच्या वर लोकसंख्या आणि दोन वैयक्तिक ऑलिम्पिक पदकं, मेरी कोम आणि मीराबाई चानू. दर कोटी काढलं तर सात पडतात. सायनाला सोडून हरियाणाची दहा पदकं धरली तरी दर कोटी चार. आपली दोन पदकं आणि सव्वाअकरा कोटी माणसं, हा भागाकार करायला कॅल्क्युलेटर लागतो.

शेवटचा मुद्दा पैशाचा. हरियाणा ऑलिम्पिक सुवर्णाला सहा कोटी, रौप्याला चार आणि कांस्याला अडीच कोटी देतं. स्वप्नीलला पदक मिळताच आपल्या सरकारने एक कोटी जाहीर केले. हरियाणाने मोठी बक्षिसं दिली यात दोष कसला? शेतकऱ्याच्या मुलीला आखाड्यात पाठवायचं की नाही हे घरात ठरतं, तेव्हा असे आकडे बापाच्या कानावर पडलेले असतात. पण केवळ बक्षिसाने पदक येत नाही हेही तितकंच खरं आणि त्याचा पुरावा आपल्याच स्वप्नीलने दिला आहे.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे खेळाडू घडवणाऱ्या निवासी संस्थेत, गेला. नाशिकला रायफल हातात घेतली, पुढे रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी मिळाली, प्रशिक्षक म्हणून दीपाली देशपांडे भेटल्या. पॅरिसला पात्रता फेरीत तो सातवा होता. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून नेमबाजीच्या टप्प्यानंतर सहावा, झोपून झाल्यावर पाचवा आणि सगळ्यात अवघड अशा उभ्याच्या टप्प्यात तिसरा. ४५१.४ गुण. प्रबोधिनीच्या दारापासून त्या कांस्यापर्यंत पंधरा वर्षं.

महाराष्ट्र शासनाने क्रीडाक्षेत्रात केलेल्या कामांत मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही प्रबोधिनी, आणि 'नंबर एक'च्या मेसेजमध्ये तिचं नावही नाही. पुढचा मेसेज तिच्यावर यावा. २००९ मध्ये स्वप्नीलबरोबर प्रबोधिनीत किती मुलं-मुली दाखल झाली, त्यांच्यापैकी किती विसाव्या वर्षीही खेळत होती, बाकीच्यांनी खेळ का सोडला, ५७ किलोच्या किती पैलवानांना तिथे जागा मिळाली आणि आज किती प्रशिक्षकांची पदं रिकामी आहेत, ही माहिती क्रीडा विभागाने दरवर्षी जाहीर करावी. ग्रुपवर पाठवायचंच असेल तर ही मागणी पाठवा.