सनावळी नसलेलं भूत

भर दुपारी एका सरकारी उद्यानाच्या पार्किंगमध्ये, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभं राहण्याचा योग माझ्या पत्रिकेत नव्हता. तो माझ्या मेव्हण्याने आणला. अजून नीट बोलत नाहीये मी त्याच्याशी.

मेव्हणा मेरीलँडमध्ये राहतो, आम्ही पाहुणे. "दाजी, व्हाइट हाउस काय, सगळेच बघतात," असं म्हणत त्याने शनिवारी मला गाडीत घातलं आणि जर्मनटाउनजवळच्या सेनेका क्रीक स्टेट पार्कमध्ये नेऊन उतरवलं. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' इथल्या जंगलात चित्रित झाला, 1997 च्या ऑक्टोबरात, जेमतेम आठ दिवसांत. मेव्हण्याने गाडीतून उतरताना चप्पल काढायचीच काय ती बाकी ठेवली होती.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: तीन विद्यार्थी मेरीलँडमधल्याच बर्किट्सव्हिल गावच्या चेटकिणीवर माहितीपट करायला रानात शिरतात, वाट चुकतात, भांडतात, नाहीसे होतात, आणि वर्षभराने त्यांचं चित्रीकरण सापडतं. म्हणजे सापडलं असं आपण समजायचं. कॅमेरा इतका हलतो की 1999 मध्ये थिएटरात लोकांना मळमळायला लागलं होतं. चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. चेटकिणीच्या सिनेमात चेटकीणच नसेल तर निदान अर्धे पैसे परत द्यावेत, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. पण हे त्या पार्किंगमध्ये बोलायची सोय नव्हती, कारण तिथे तो इसम उभा होता.

त्याचं नाव मी विचारलं नाही. वय साधारण माझ्याएवढंच, दाढी, विणलेली टोपी, आणि शेजारी दाराएवढे दोन पुठ्ठे. एकमेकांना चिकटपट्टीने जोडलेले. ते त्याने काटकोनात उभे केले, मागून काठ्यांचा टेकू दिला, चार पावलं मागे जाऊन डोके तिरके करून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "कोपरा."

कोपरा का, तर सिनेमाच्या शेवटच्या दृश्यात त्या तिघांतला माइक एका पडक्या घराच्या तळघरात भिंतीकडे तोंड करून उभा असतो. ते घर या पार्कमध्ये नव्हतंच. ते पटाप्स्को व्हॅलीच्या पार्कमध्ये होतं आणि पुढे पाडून टाकलं. चाहते जंगलात येतात, ओढा बघतात, खडक बघतात आणि मग हिरमुसतात, की कोपरा कुठाय? म्हणून या सद्‌गृहस्थाने स्वतःच्या खर्चाने कोपरा तयार केला. गाडीच्या टपावर बांधून आणतो. त्यावर ओलीची पोपडे आलेली भिंत रंगवली होती आणि लहान मुलांच्या हातांचे काळे ठसे उमटवले होते.

"ठसे खरे आहेत," तो म्हणाला. "माझ्या भाचरांचे."

"रंग निघाला का नंतर?" मी विचारलं.

"एकीचा नाही," तो अभिमानाने म्हणाला.

मेव्हणा तोवर पुठ्ठ्यावरून हात फिरवत "वा, वा" करत होता.

आता मी गप्प बसायला हवं होतं असं बायको म्हणते. मला पटत नाही. पाहुण्याने यजमानाच्या आवडीत रस दाखवावा, ही रीत आहे. म्हणून मी म्हटलं, की तुमच्या सिनेमात ते तिघे दिवसभर दक्षिणेकडे चालतात आणि संध्याकाळी पुन्हा ओढ्यावरच्या त्याच आडव्या ओंडक्यापाशी येतात ना, ते आमच्याकडे फार जुनं आहे. त्याला चकवा म्हणतात. रात्री रानातून जाताना माणसाला चकवा लागतो. रात्रभर चालतो, आणि उजाडल्यावर बघतो तर त्याच बांधावर.

त्या माणसाचे डोळे लकाकले. त्याने खिशातून वही काढली.

"साल?"

"कसलं साल?"

"पहिली नोंद. कोणत्या साली झाली?"

"साल नाही त्याला. पूर्वापार आहे."

त्याने 'पूर्वापार' लिहून घेतलं आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. "चकवा कोण होती? तिला गावातून हाकलली होती का?"

"ती नाही, तो. की ते. कोण कुठला हे काही सांगत नाहीत. लागतो एवढं खरं."

"पहिला बळी?"

"बळी वगैरे काही नाही. माझ्या आजोबांना लागला होता. पहाटे घरी आले, चहा प्यायले, झोपले."

"मेले नाहीत?"

"मेले, पण पुढे बऱ्याच वर्षांनी. दम्याने."

"साक्षीदार कोणी?"

"आजी. पण तिचं म्हणणं, चकवा नव्हताच, पाटलाच्या वाड्यावर पत्ते खेळत बसले होते."

त्याने वही मिटली. नाराज झाला नव्हता, उलट आवाजात एक प्रकारची कणव होती. गावाकडच्या होतकरू पोराला शहरातला मास्तर समजावतो तसा म्हणाला, "कल्पना चांगली आहे. पण अजून पक्की झालेली नाही."

आणि मग त्याने मला पक्कं भूत कसं असतं ते ऐकवलं. 1785 साली ब्लेअर गावात एली केडवर्ड नावाच्या बाईवर मुलांचं रक्त काढल्याचा आरोप, ऐन हिवाळ्यात तिला रानात हाकलणं. 1824 मध्ये त्याच जागी बर्किट्सव्हिल वसणं. 1825 मध्ये आयलीन ट्रीकल नावाच्या दहा वर्षांच्या मुलीला ओढ्यातून वर आलेल्या पांढऱ्याफटक हाताने आत खेचणं, साक्षीदार अकरा. ("अकरा!" माझ्या आजीकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं.) 1886 मध्ये रॉबिन वीव्हर हरवणं, शोधायला गेलेल्यांची कॉफिन रॉकवर प्रेतं सापडणं. 1940 च्या सुमाराला रस्टिन पार या एकलकोंड्या म्हाताऱ्याने सात मुलं मारणं, त्यात एकाला कोपऱ्यात उभं करून दुसऱ्याला मारणं. आणि 1994 चा ऑक्टोबर, आपले तिघे.

सगळं तोंडपाठ. आणि बर्किट्सव्हिल सोडलं तर यातला शब्दन्‌शब्द डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोन दिग्दर्शकांच्या डोक्यातून निघालेला. ब्लेअर नावाचं गाव नव्हतं, असली बाई नव्हती, ओढ्यात हातही नव्हता. 1998 मध्ये त्यांनी एक वेबसाइट काढली, तिच्यावर खोटी सनावळी, खोटे पोलिसी फोटो टाकले. सिनेमाच्या वेळी 'हरवले आहेत'ची पत्रकं वाटली, टीव्हीवर खोटा माहितीपट दाखवला, आणि काम झालं. हे त्या पुठ्ठेवाल्याला ठाऊक नाही असं नाही. तोच सांगत होता! रचलेलं आहे हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तरी त्याच्या दरबारात माझ्या आजोबांचा चकवा नापास. का, तर कागदपत्रं अपुरी.

मी चिडलो. चिडल्यावर मला माहिती आठवते. मी म्हटलं, बर्किट्सव्हिलच्याच फ्रेडरिक काउंटीत तुमचं स्वतःचं भूत आहे की. स्नॅलीगॅस्टर. अर्धा पक्षी, अर्धा सरडा, चोचीत दात. जर्मन वसाहतकऱ्यांच्या काळापासून त्याच्या गोष्टी सांगतात, आणि साल हवं असेल तर तेही घ्या: 1909 मध्ये मिडलटाउनच्या वर्तमानपत्रात तो दिसल्याच्या बातम्यांवर बातम्या आल्या होत्या. बर्किट्सव्हिलपासून हाकेच्या अंतरावर!

"छे," तो म्हणाला. "ते खोटं आहे. पेपरवाल्यांनी खप वाढवायला रचलेलं."

मी मेव्हण्याकडे बघितलं. मेव्हणा गंभीरपणे मान डोलवत होता.

यानंतर त्याने मला कोपऱ्यात उभं राहायला सांगितलं. मी नको म्हटलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, एवढ्या लांब आलोय." हे वाक्य जगात कुणीही कुणाकडूनही काहीही करून घ्यायला वापरू शकतो. मी उभा राहिलो. तो म्हणाला, खांदे पाडा. पाडले. हात सैल. सोडले. माइक एवढा ताठ नसतो. मी म्हटलं, माइकला चेटकीण लागलीय, मला स्पाँडिलायटिस आहे. त्याने खरा जुना हाय-एट कॅमकॉर्डर काढला होता, कारण सिनेमात तोच होता, फोन चालत नाही. कॅमेरा सुरू झाला, कुईं करून बंद पडला. बॅटरी. "गाडीत दुसरी आहे. वळू नका, हं. प्रकाश तस्साच पकडायचाय." मेव्हणाही त्याच्यामागे गेला.

गाडीपाशी त्यांना आणखी कुणी चाहता भेटला असावा, कारण मला लांबून "1886!" "नाही, 1887!" असं ऐकू येत होतं. मी पुठ्ठ्याकडे तोंड करून. ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. नाकासमोर भाचरांपैकी कुणाचा तरी पाच बोटांचा ठसा. मागून पावलं वाजली, कुत्र्याच्या पट्ट्याची घुंगरं वाजली, आणि एका लहान मुलाचा आवाज आला, "आई, त्याने काय केलं?"

बाई थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "काहीतरी केलंच असणार."

मी भिंतीकडे बघूनच "नाही हो, नाही" म्हटलं. त्याने परिस्थिती सुधारली नाही. पावलं भरभर लांब गेली.

शाळेत मला कधी कोपऱ्यात उभं केलेलं नव्हतं, हे मी इथे नोंदवून ठेवतो. अंगठे धरायला लावले होते, ती वेगळी गोष्ट.

तिथे उभ्या उभ्या मला बर्किट्सव्हिलबद्दल वाईट वाटायला लागलं. दीडदोनशे वस्तीचं गाव. सिनेमातलं स्मशान खरंच तिथलं आहे, बाकी बहुतेक जंगल इकडचं. पण 1999 पासून लोक तिथे गेले, स्मशानात मेणबत्त्या लावल्या, गावाच्या नावाच्या पाट्या चोरून नेल्या. पुढच्या वर्षी दुसरा भाग निघाला. गावाजवळच्या क्रॅम्प्टन्स गॅप या खिंडीत 14 सप्टेंबर 1862 ला यादवी युद्धातली खरी लढाई झाली, जखमींनी तिथली चर्चेस भरली. जवळच्या स्पूक हिलवर गाडी न्यूट्रलला टाकली तर चढावर जातेशी वाटते, लोक म्हणतात मेलेले सैनिक ढकलतात. डोळ्यांचा भ्रम आहे, पण मेलेले सैनिक तरी खरे आहेत ना! त्यांच्यासाठी कुणी पुठ्ठ्याची टेकडी टपावर बांधून आणत नाही.

शेवटी बॅटरी आली, चित्रीकरण झालं, आणि त्याने ते रद्द केलं. कारण माझे बूट 1994 चे नव्हते.

इथपर्यंत मी हसून घेतलं असतं. पण सुटका झाल्यावर मी सहज विचारलं, की त्या तीन नटांचं पुढे काय झालं. हीदर डॉनह्यू, मायकेल विल्यम्स, जोशुआ लेनर्ड. ती त्यांची खरी नावं आहेत, सिनेमातही तीच वापरली. जंगलात त्यांना रोज थोडं थोडं कमी खायला देत, म्हणजे चिडचीड खरी दिसावी. संवाद लिहिलेले नव्हते. फिल्मच्या डब्यांतून चिठ्ठ्या मिळत, बाकी बोलायचं स्वतःच. कॅमेरेही त्यांनीच चालवले. मग सिनेमा आला तेव्हा ते मेल्याचा बनाव टिकावा म्हणून त्यांना लोकांसमोर येऊ दिलं नाही. हीदरच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. त्याच हीदरला वर्षातल्या सर्वांत वाईट अभिनेत्रीचं रॅझी हे टिंगलीचं पारितोषिक दिलं. पुढे तिने नावच बदललं. लाखाहून कमी डॉलरांत चित्रित केलेल्या सिनेमाने जगभरात जवळपास 25 कोटी डॉलर कमावले. 10 कोटी ओलांडले तेव्हा या तिघांना फळांची टोपली आली होती. 2024 मध्ये त्या तिघांनी हक्क असलेल्या स्टुडिओकडे जाहीरपणे मागणी केली, की आम्हाला आमच्या वाट्याचे पैसे द्या.

"ते मी वाचलं," पुठ्ठेवाला म्हणाला. तो चिकटपट्टी सोडवत होता. "पण त्यात एक अडचण आहे."

"कसली?"

"ते तिघे 1994 मध्येच नाहीसे झाले ना."

आणि हसला. मेव्हणाही हसला. मला एवढं कळतं की तो विनोद होता. माझ्यासारख्या माणसाला बूट चुकीचे म्हणून हाकलावं आणि त्या तिघांना कुणी पैसे का दिले नाहीत हे विचारताच विनोद करावा, हे मला अजून पचलेलं नाही.

निघताना मेव्हण्याने त्याच्याकडून सिनेमातल्यासारखा काटक्या सुतळीने बांधून केलेला बाहुला विकत घेतला. पंधरा डॉलर. गाडीत मी म्हटलं, यातला एक सेंटही त्या तिघांना जायचा नाही.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "तुम्ही ना, एन्जॉयच करत नाही."