आधी विचारावं लागतं

जर्मनीत नोकरी लागून दोनेक महिने झाले असतील. आमच्या विभागात एक नवं सॉफ्टवेअर यायचं होतं. कोण किती वेळ कशावर काम करतो याची नोंद त्यात आपोआप होणार होती. तारीख सारखी पुढे जात होती. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "बेट्रीब्सराट अजून हो म्हणालेली नाही." मला नवल वाटलं. साहेबांच्या वर आणखी कोण?

बेट्रीब्सराट म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेली परिषद. ती युनियन नव्हे. पगाराचे करार आणि संप हे आयजी मेटलसारख्या युनियनचं काम. परिषदेला संप पुकारायला कायद्यानेच मनाई आहे. पण कामाच्या वेळा, ओव्हरटाइम, माणसांवर नजर ठेवू शकेल अशी यंत्रणा, यांपैकी काहीही तिच्या संमतीशिवाय लागू होत नाही. कुणाला काढायचं असेल तर आधी तिला कारण सांगून तिचं म्हणणं ऐकावं लागतं. तसं न करता दिलेली नोटीस रद्दबातल ठरते. परिषदेची हरकत असली तरी कंपनी माणसाला काढू शकते, हेही खरं. तरी कारण सांगावं लागतं, आणि माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे.

कारण भारतातल्या माझ्या आधीच्या कंपनीत एका शुक्रवारी दुपारी शेजारच्या सहकाऱ्याला आत बोलावलं आणि तासाभरात त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. कागदोपत्री त्याने स्वतःहून नोकरी सोडली. आम्ही चाळीसेक जण होतो. कुणीच काही विचारलं नाही, मीही नाही. विचारायचं कुणाला, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. ती दुपार मी विसरलेलो नाही.

भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झाल्या आणि जुना वाद पुन्हा पेटला. कपातीसाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगीची अट आता १०० नव्हे, ३०० कामगारांपासून लागते. संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ५१ टक्के कामगार सभासद असलेली युनियन एकटीच वाटाघाटी करणार. एक बाजू म्हणते कामगार उघड्यावर पडला, दुसरी म्हणते उद्योगांना श्वास घेता आला. मग कुणीतरी हमखास मुंबईतल्या १९८२ च्या गिरणी संपाचा विषय काढतो: युनियनने गिरण्या बुडवल्या!

त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते. पगारवाढ आणि बदली कामगारांना, म्हणजे कायम कामगाराच्या गैरहजेरीत कामावर घेतलेल्यांना, कायम करणं या मागण्या होत्याच. शिवाय १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, हीही मागणी होती. त्या कायद्याने बोलण्याचा हक्क एकाच प्रातिनिधिक युनियनला दिला होता, आणि ती आपली नाही असं कामगारांना वाटत होतं. आपल्या वतीने कोण बोलणार हे ठरवू न दिलेल्या माणसांच्या हाती संपच उरतो. हे आपण का विसरतो?

संहितांवरच्या वादात मला खटकतं ते वेगळंच. १०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी मालक-कामगारांची संयुक्त समिती नेमण्याची तरतूद आपल्याकडे १९४७ च्या कायद्यापासून आहे. नव्या संहितेतही ती आहे. पण तिचं काम सलोखा राखण्याचं; तिने नाही म्हटलं म्हणून काहीही थांबत नाही. वाद घालायचा तर यावर घाला. आकडा १०० असो की ३००, त्या शुक्रवारी त्याचा काय उपयोग झाला असता? माणसाला काढण्याआधी समितीला विचारणं बंधनकारक असतं तर झाला असता. आणि पदनावात 'मॅनेजर' लावून माणसाला कामगार मानायचं टाळतात, ही पळवाटही बुजवायला हवी.

जर्मनीतही सगळं आलबेल नाही. पाच कर्मचाऱ्यांपासून परिषद निवडता येते, पण पुढाकार कर्मचाऱ्यांनाच घ्यावा लागतो. छोट्या कंपन्यांत ती बहुधा नसते. आमचं सॉफ्टवेअर मात्र शेवटी आलं. त्यातली नोंद कुणाच्या मूल्यमापनासाठी वापरायची नाही, असा लेखी करार झाल्यावर.

परिषदेची निवडणूक दर चार वर्षांनी होते. मी जर्मन नागरिक नाही, तिथल्या संसदेसाठी मला मत देता येत नाही. या निवडणुकीत देता येतं. उभंही राहता येतं.