आमच्या वडावर रक्तपिपासू राहत नाहीत

मंगळवारी रात्री मामींचा फोन आला. वाईच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला माझ्या मामांचं गाव आहे. एरवी मामी फोनवर पाऊस, हळद आणि कामाला न येणारी माणसं यांपलीकडं जात नाहीत. त्या दिवशी पहिलंच वाक्य होतं, "अगं, तू एवढी पुस्तकं वाचतीस, मग सांग बरं, वाघळं माणसाचं रगात पित्यात का?"

नदीकडच्या थोरल्या वडावर वटवाघळांची वस्ती आहे. माझ्या आईच्या लहानपणीही ती होती. येत्या रविवारी त्या वडाखाली टायर पेटवायचे, सुतळी बॉम्ब लावायचे आणि वस्ती कायमची उठवायची, असं पारावर ठरलंय. त्याला निमित्त मोबाइलवर फिरणारा एक मेसेज. मामींनी दाराला लसणाची जुडीही टांगलीय.

हा मेसेज माझ्याकडंही दोनतीनदा येऊन गेला होता आणि मी तो न वाचताच पुढं सरकले होते. आता नीट वाचला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ड्रॅक्युला हा खरा राजा होता, रोज माणसाचं रक्त प्यायचा आणि त्याच्यावरची कादंबरी म्हणजे इतिहासच. व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारं पिशाच, मुळात आपला वेताळ, इंग्रजांनी तो चोरला. वटवाघूळ हे व्हॅम्पायरचंच रूप, ते झोपेत रक्त ओढतं आणि शास्त्रज्ञांनीही हे मान्य केलंय. ज्यांना ऊन सोसत नाही त्यांच्यात व्हॅम्पायरचा अंश असतो. लसणानं बचाव होतो. आणि मुलांना व्हॅम्पायरचे गेम खेळू दिले की रक्ताची चटक लागते. शेवटी 'जनहितार्थ पुढे पाठवा'.

रविवार तोंडावर आलाय, म्हणून आधी वटवाघळांचंच बोलते.

रक्तावर जगणारी वटवाघळं जगात आहेत. त्यांच्या फक्त तीन जाती आहेत आणि तिन्ही मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या पट्ट्यात राहतात. भारतात एकही नाही. ती असतात मूठभर आकाराची. गुराच्या किंवा पाखराच्या कातडीला दातानं बारीक चीर पाडून वाहतं रक्त चाटतात. म्हणजे 'ओढणं' तिथंही नाही. शिवाय व्हॅम्पायर हे नाव पिशाचानं वटवाघळाकडून घेतलेलं नाही. युरोपातल्या लोकांच्या डोक्यात मढ्यातून उठणाऱ्या पिशाचाच्या कथा आधीपासून होत्या. अमेरिकेतलं हे वटवाघूळ पाहिल्यावर त्यांनी त्या कथेतलं नाव त्याला दिलं. मेसेजवाल्यानं हे सगळं उलटं करून ठेवलंय.

आणि ज्या कादंबरीला तो इतिहास म्हणतो, तिच्यातच याचं उत्तर आहे. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' १८९७ साली आली. तिच्यात क्विन्सी मॉरिस नावाचा एक अमेरिकन आहे. तो सांगतो की दक्षिण अमेरिकेतल्या गवताळ मैदानावर त्याच्या लाडक्या घोडीला रात्रीत अशा एका वटवाघळानं गाठलं आणि शेवटी तिला गोळी घालावी लागली. म्हणजे ही वटवाघळं कुठली, हे कादंबरीतल्या पात्रालाही ठाऊक आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं ते पुस्तक उघडूनही पाहिलेलं नाही. ज्या ड्रॅक्युलाच्या नावानं आमचा वड पेटवायला निघालेत, त्याच्या गोष्टीत वडावरच्या फळं खाणाऱ्या वटवाघळाचा काडीचाही संबंध नाही.

आमच्या वडावर काय आहे ते मी लहानपणापासून पाहिलंय. पंख पसरले की तीनचार फूट भरणारी, कुत्र्याच्या पिल्लासारख्या तोंडाची, मोठ्या डोळ्यांची वटवाघळं. एप्रिलच्या दुपारी उकाडा वाढला की उलटी लटकून एका पंखानं स्वतःला वारा घालतात. अंधार पडला की एकेक करून नदीवरून निघतात. सकाळी वडाखाली उंबराचे, जांभळाचे, पेरूचे चोथे पडलेले असतात. फळ चावायचं, रस गिळायचा, चोथा थुंकायचा, असं त्यांचं जेवण. नदीच्या काठानं कुणी न लावता उगवलेली उंबरं आणि पिंपळ दिसतात ना, त्यांतली कितीतरी यांच्याच विष्ठेतून पडलेल्या बियांची आहेत. त्यांच्या मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. एकदा टायर पेटवून वस्ती उधळली तर ती भरून यायला किती वर्षं लागतील, याचा पारावर कुणी विचार केलाय का?

'शास्त्रज्ञांनी मान्य केलंय' हे कुठून आलं असावं, तेही सांगते. आपल्याकडं एका वटवाघळाला इंग्रजीत 'खोटा व्हॅम्पायर' अशा अर्थाचं नाव आहे. ते पडक्या देवळांत, गुहांत राहतं आणि किडे, बेडूक, उंदीर खातं. पूर्वी लोकांना ते रक्त पितं असं वाटायचं. तो गैरसमज निघाला, म्हणून नावात 'खोटा' आला. तेवढा एकच शब्द मेसेजमधून गळालाय.

आता एक गोष्ट मला मान्य करावी लागेल, कारण ती आपल्याच जिल्ह्यातली आहे. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी महाबळेश्वरच्या एका गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले. त्यांत निपाह या जीवघेण्या विषाणूच्या खुणा मिळाल्या आणि २०२१ मध्ये ती बातमी सगळीकडं झाली. २०१८ च्या केरळमधल्या साथीनंतर तिथल्या मोठ्या, फळं खाणाऱ्या वटवाघळांतही हा विषाणू सापडला होता. तेव्हा वटवाघळापासून धोका शून्य, असं मी म्हणणार नाही. पण तो रक्त पिण्याचा धोका नाही. तो उष्ट्या फळाचा आहे, लाळ-लघवी लागलेल्या वस्तूचा आहे, आजारी किंवा मेलेलं वटवाघूळ हातानं उचलण्याचा आहे. आणि धूर करून, बॉम्ब लावून शेकडो वटवाघळं गावभर उधळली, दोनचार अंगणात पडली, पोरं ती काठीनं ढोसायला धावली, तर हाच धोका आपण दारात आणून ठेवतो. मला खरा राग याचाच आहे. सांगण्यासारखी काळजी होती ती मेसेजनं सांगितली नाही आणि नसलेल्या गोष्टीची भीती घातली.

वेताळाचं. इथं अर्धं खरं आहे. रिचर्ड बर्टन या इंग्रजानं १८७० साली वेताळपंचविशीतल्या काही कथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावात वेताळासाठी 'व्हॅम्पायर' हा शब्द वापरला. पण तोवर तो शब्द इंग्रजीत चांगला रुळला होता. १७३०च्या सुमारास सर्बियाकडच्या उठलेल्या मढ्यांच्या बातम्या युरोपभर गाजल्या होत्या आणि पोलिडोरी या लेखकाची इंग्रजी व्हॅम्पायरकथा १८१९ सालीच छापून आली होती. म्हणजे बर्टननं त्यांच्याकडचा तयार शब्द आपल्या वेताळाला चिकटवला. आणि आपला वेताळ करतो काय? प्रेतात शिरून झाडाला लटकतो, राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो, कोडं घालतो आणि शेवटी त्या कपटी साधूपासून राजाचा जीव वाचवतो. आपल्याकडं गावोगावी वेताळाला नारळ फुटतो. त्याला रक्त पिणाऱ्यांत बसवून वर त्याचा अभिमान बाळगायचा, हे मला पटत नाही.

ड्रॅक्युला राजाचं थोडक्यात. व्लाद हा पंधराव्या शतकातला वालाकियाचा, म्हणजे आजच्या रोमेनियातल्या एका मुलखाचा राजा खरा, माणसं सुळावर चढवण्याबद्दल तो कुप्रसिद्ध होता हेही खरं. पण स्टोकर त्या मुलखात कधी गेलाच नाही. १८९० मध्ये इंग्लंडातल्या व्हिटबी गावच्या वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात त्याला 'ड्रॅक्युला' हे नाव सापडलं. त्याआधी त्याच्या टिपणांत त्या पात्राचं नाव वेगळंच होतं.

उन्हाचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, कारण त्यात माणसं भरडतात. कातडीच्या किंवा रक्ताच्या काही आजारांत ऊन खरंच सोसत नाही. असं एखादं पोर गावात असेल तर या मेसेजनंतर त्याच्याकडं लोक कसे बघतील? आणि व्हॅम्पायर उन्हानं मरतो, हे मुळात सिनेमानं घातलेलं. १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटात ते पडद्यावर आलं. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर हिंडतो आणि शेवटी मरतो तो सुऱ्यांनी, सूर्य मावळायच्या बेताला असताना. पंचवीस वर्षांनी सिनेमासाठी रचलेल्या प्रसंगावरून जिवंत माणसाच्या आजाराचं निदान करायचं?

लसूण आणि गेम यांवर फार लिहीत नाही. लसूण कादंबरीत आहे, गेममध्येही आहे. माझा तेरा वर्षांचा मुलगा 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' खेळतो, त्यात लसूण हे एक हत्यारच आहे. रक्ताची चटक त्याला लागलेली नाही. रात्री अकरापर्यंत मोबाइल सोडत नाही, ही तक्रार माझी आहे, पण ती वेगळी. पिशाचकथा वाचाव्यात, बघाव्यात, खेळाव्यात. मी स्वतः नारायण धारप वाचत मोठी झाले आणि रात्री अंगणात जायला घाबरले, पण म्हणून कुणाचं झाड पेटवायला गेले नाही.

मामींना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला पटलं, पण मी पारावर बोलले तर कोण ऐकणार? तू ये." म्हणून रविवारी सकाळी सातच्या आत मी तिथं असेन. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेतेय: वडाखाली पडलेलं उष्टं फळ खाऊ नका, पोरांना उचलू देऊ नका. घरची फळं धुऊन खा, चावलेलं फळ टाकून द्या. मेलेल्या वटवाघळाला हात लावू नका. वडाखाली धूर नको, बॉम्ब नको. हा कागद वाचनालयाच्या दारावर लावायला मामांनी परवानगी काढलीय.