चालतंय की, कशाला बघायचं?

घराची तपासणी करायची तर आधी मुहूर्त बघा. आमच्या बेळगाव भागात तो ठरलेलाच आहे: गणपतीच्या आधीचा आठवडा. तोवर जून-जुलैचा पाऊस कोसळून गेलेला असतो, भिंतींनी हवं तेवढं पाणी पिऊन घेतलेलं असतं आणि आपल्याला फक्त रंगाचा डबा आणायचा असतो. मखर कुठल्या भिंतीला लागणार आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे कुठं टेकून बसणार, तेवढंच बघायचं. बाकीचं घर पाहुणे बघत नाहीत, मग आपण तरी कशाला बघायचं?

जुन्या माणसांना एवढी अक्कल नव्हती. मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या ७-८ तारखेआधी, ती घर शाकारून घ्यायची. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची मंडळी तर वळीव पडला की लगेच कौलांवर माणूस चढवायची. फुटकं कौल काढ, सरकलेलं बसव, किडलेली रीप बदल, आढ्याला वाळवी लागलीय का ते ठोकून बघ. नसता उद्योग. आता शाकारणारा मिळत नाही आणि मिळाला तर त्याची हजेरी परवडत नाही. तेव्हा वरून निळी ताडपत्री ओढा आणि कडेनं चार विटा ठेवा. ताडपत्रीखाली काय फुटलंय, काय कुजलंय ते दिसत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. पाणी अडवणं हा दुय्यम.

तुळईचं टोक भिंतीत जिथं शिरतं, तिथं तर चुकूनही बघू नका. ओल साठते ती तिथंच आणि कुजायला सुरुवात होते तीही तिथूनच. एखाद्याला तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून बघायची बुद्धी होते. धड लाकडात टोक जेमतेम रुततं. कुजलेल्या लाकडात ते मुठीपर्यंत आत जातं आणि बाहेर काढलं की त्याला ओला, तपकिरी भुगा चिकटलेला असतो. एकदा हा भुगा बघितला की माणसाला रात्री त्या तुळईखाली झोप लागत नाही. न बघणाऱ्याला शांत झोप लागते. आता तुम्हीच ठरवा, आरोग्याला काय चांगलं.

भिंतीला भेग दिसली, तर ती सीमाप्रश्नासारखी हाताळा. तो १९५६ पासून आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याच्यासकट आपले संसार चाललेच आहेत. मग एका भेगेसाठी एवढी घाई कशाला? फरक एवढाच, की भिंत पुढची तारीख देत नाही.

काही नतद्रष्ट लोक भेगेवर खळीनं कागदाची पट्टी आडवी चिकटवतात आणि तिच्यावर तारीख घालतात. पट्टी फाटली म्हणजे भिंत अजून हलतेय, असा त्यांचा हिशोब. तुम्ही त्यापेक्षा कॅलेंडर लावा. मोठं असतं, भेग पुरती झाकते आणि संकष्टीही कळते. दार अचानक घट्ट बसायला लागलं तर सुताराला बोलावून दार तासून घ्या. भिंत खचून चौकट वाकडी झाली असेल, हा विचार सुताराला सुचला तरी त्याला बोलू देऊ नका. आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर झकास प्लॅस्टिक पेंट मारायला विसरू नका. मातीत शिरलेली ओल मग बाहेर पडायला वाट शोधत बसते, ती सापडत नाही, गिलाव्यावर टिचकी मारली की बद्द आवाज येतो. पण टिचकी मारायला सांगितलंय कुणी?

६ ऑक्टोबर २०२१ ला बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगीत पावसानं भिजलेली भिंत कोसळून सात माणसं गेली. त्यांत लहान मुलं होती. दिवसचे दिवस पाणी प्यालेली मातीची भिंत वजनानं जड होते आणि तळाशी मऊ पडते. ती पावसात उभी राहते आणि पाऊस उघडल्यावरही पडू शकते. यावर गंमत करता येत नाही, म्हणून पुढं जातो.

विजेचं बघू. तिथं धीर धरणारा जिंकतो. पिनेभोवती स्विचबोर्ड तपकिरी पडला, तर तो जुना झाला असं समजा. प्लग उपसताना हाताला चटका बसला, तर फडक्यानं उपसा. बोर्डातून बारीक चरचर ऐकू आली, तर टीव्हीचा आवाज वाढवा. आमच्या गल्लीतल्या वायरमननं एका काकूंना सांगितलं होतं, “काकू, बोर्ड तापूलालाय की ओ.” काकू म्हणाल्या, “तापूंदे की, थंडी केवढी पडलीय.” पुढं बोलायला वायरमनजवळ काही उरलंच नाही.

फ्यूज वारंवार उडत असेल तर दोष फ्यूजचा धरायचा. त्यातली बारीक तार काढून चांगली जाड तार घाला. फ्यूजचं काम वितळायचं, ते त्याला करू न देणं हे आपलं काम. पुढच्या वेळी वितळायची पाळी भिंतीतल्या वायरीची. ती आतल्या आत जळते, आधी कुणाला दिसत नाही, म्हणजे पाहुण्यांचाही प्रश्न मिटला. तीन पिनांच्या प्लगातली वरची जाड, अर्थिंगची पिन कापून टाका, ती उगीच मध्ये येते. प्लगच नसेल तर वायरीची उघडी टोकं सॉकेटात घाला आणि आगपेटीच्या काड्या खोचा. आग लावायच्या वस्तूला एवढं थेट काम दुसरं कुठं मिळणार?

वडगाव, खासबाग, शहापूरकडं ज्यांच्या घरातच माग आहेत, त्यांना तर मी काय सांगू! सुताची बारीक लव उडून मोटारीवर, स्टार्टरवर, बोर्डावर साचते. झटकली नाही तर महिन्याभरात तिची मऊ गादी होते. ठिणगीला पडायला अशी गादी मिळाली की ती विझायचं नाव घेत नाही. पण झटकायचं म्हणजे माग बंद करावा लागतो, माग बंद म्हणजे मजुरी बुडाली. हे कारण खरं आहे, त्याला मी हसणार नाही. गणपतीच्या लायटिंगसाठी त्याच बोर्डातून तीन माळा ओढणाऱ्याला मात्र जरूर हसेन.

कपडे वाळत घालायला लोखंडी तारच घ्या. एक टोक पत्र्याच्या शेडला, दुसरं खिडकीच्या गजाला. पत्र्यावरून गेलेल्या सर्व्हिस वायरीचं आवरण वाऱ्यानं घासून घासून उडालं, की शेड, तार आणि ओला टॉवेल अशी सगळी एका जिवाची होतात. नायलॉनची दोरी स्वस्त मिळते आणि तिच्यातून करंट जात नाही, म्हणून ती नको. झोळ पडतो तिला.

आता स्वयंपाकघर. आपण सीमाभागातली माणसं भाषेच्या बाबतीत जागरूक. परिपत्रकं मराठीतून मिळावीत म्हणून मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. पण सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर जे लिहिलेलं असतं ते ना कन्नड ना मराठी. एक अक्षर आणि एक आकडा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं डीपर्यंत, पुढं साल. त्या मुदतीत टाकीची पुन्हा चाचणी व्हायची असते, ती उलटून गेली असेल तर टाकी परत करायची. शेगडीच्या रबरी नळीवरही तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी नळी बदलायची असते. हे आकडे कुठल्याही राज्यात तेच आहेत, तरी आम्ही ते वाचत नाही. यावर मात्र कुणी मोर्चा काढलेला ऐकिवात नाही.

नळीला गळती आहे का बघायला साबणाचं पाणी लावतात आणि बुडबुडे येतात का बघतात. वेळखाऊ पद्धत. काडी ओढून बघणाऱ्याला उत्तर ताबडतोब मिळतं. आणि रात्री गॅसचा वास आला तर पहिल्यांदा दिवा लावा, म्हणजे वास कुठून येतो ते नीट दिसेल! हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरून राहतो, बटण चालू करताना काय किंवा बंद करताना काय, एका ठिणगीची गाठ पडायचा अवकाश. फ्रीज तर आपणहून सुरू होतो, त्याला कुणी सांगावंही लागत नाही. घाबरट लोक कुठल्याच बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करतात, दारं-खिडक्या सताड उघडतात, बाहेर येतात आणि मग १९०६ ला फोन लावतात. शेजारी जागे होतात, चारचौघांत शोभा होते.

थंडीत बंद न्हाणीघरात गॅस गीझर, बंद खोलीत कोळशाची शेगडी. याला फार शब्द नकोत. जो वायू मारतो, त्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, खोकलाही येत नाही. खिडकी तेवढी घट्ट लावून घ्या, थंडी येते.

एवढं सगळं पाळलंत तरी एक धोका उरतोच: घरात किंवा शेजारी एखादा आयटीआय झालेला पोरगा असतो. तो हातात टेस्टर आणि डोक्यात भलते विचार घेऊन येतो. मीटरच्या डब्यात एमसीबीच्या, म्हणजे जादा करंट गेला की पडणाऱ्या खटक्याच्या, शेजारी ती दुसरी पेटी आहे ना, आरसीसीबी, तिच्यावर टी लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं, असं तो सांगतो. गेलेला करंट तेवढाच परत येतोय का हे ती पेटी मोजते, ३० मिलिअँपिअरची तफावत आली की लाइन तोडते. एमसीबी वायर वाचवतो काका, माणसाला ही वाचवते, असं वर व्याख्यानही देतो. तुम्ही त्याला सांगायचं, की ती पावसाळ्यात सारखी पडायची म्हणून दोन वर्षांपूर्वी बाजूनं थेट जोडून घेतलीय. मग तो कपाळाला हात लावतो, खुर्चीवर चढतो, बटण दाबतो. काहीच होत नाही. दिवे चालू, पंखा चालू, सीरियल चालू. “काका, ही मेलीय,” असं तो म्हणेल. तुम्ही शांतपणे म्हणा, “सकाळपर्यंत बरी होती की. तू हात लावलास, बिघडवलीस. आता नवीन आणून बसवून दे, पैसे तुझ्या बापाकडनं घे.”